‘आज्ञा सापडली नाही’: शेल, बोली आणि मजकुराचा वाचक

युनिक्स परंपरेतल्या संगणकावर काम करणाऱ्याने आपला शेल बदलला, की पहिल्या काही दिवसांत एक वाक्य त्याच्या वाट्याला हमखास येते: ‘कमांड नॉट फाउंड’. काल बिनबोभाट पार पडणारी आज्ञा आज नाकारली जाते. संगणक तोच, फाइली त्याच, टंकणारी बोटेही तीच. बदलला आहे तो फक्त आज्ञा वाचणारा. अशा चुकांकडे सहसा तांत्रिक कटकट म्हणून पाहिले जाते, कुठून तरी दोन ओळींचा उपाय मिळवला जातो आणि प्रकरण मिटते. आम्हांला मात्र या चुकांपाशी भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबावे असे वाटते. मजकुराचा अर्थ मजकुरात किती असतो आणि वाचणाऱ्याकडे किती असतो, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात आपण पुन्हापुन्हा चर्चेला घेतो. शेलच्या इतिहासात हाच प्रश्न रोजच्या व्यवहारात उभा राहिला, आणि त्याचे उत्तर गृहीत धरणाऱ्यांची कामे अडून राहिली.

आधी त्या निरोपाची रचनाच पाहू. बॅश हा शेल प्रथम आपले नाव सांगतो, मग न सापडलेला शब्द उच्चारतो आणि शेवटी ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणतो. झेड शेल हाच क्रम फिरवतो. त्याच्या वाक्यात न सापडलेला शब्द अखेरीस येतो. डॅश ‘कमांड’ हा शब्द गाळून नुसते ‘नॉट फाउंड’ म्हणतो, तर फिश ‘अननोन कमांड’ असे म्हणतो. म्हणजे तक्रारीच्या वाक्यरचनेवरूनच बोलणारा कोण ते ओळखता येते. शेल बदलल्यानंतरच्या चुकांचा माग काढताना हा पहिला पुरावा आहे, आणि बहुतेक जण तो न वाचताच पुढे जातात.

शेल म्हणजे काय, हे या विषयाशी अपरिचित वाचकांसाठी थोडक्यात सांगायला हवे. संगणकप्रणालीच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात आणि त्याभोवतीच्या आवरणाला शेल; नारळाचे खोबरे आणि करवंटी यांचे नाते डोळ्यांपुढे आणले तर हे रूपक लगेच उलगडते. आपण टंकलेली ओळ कर्नेल वाचत नाही. ती शेल वाचतो, तिची फोड करतो, चिन्हांचे अर्थ लावतो आणि मग गाभ्याकडे काम सोपवतो. हे नाव लुई पूझँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञांनी १९६४-६५च्या सुमारास, मल्टिक्स या प्रणालीची आखणी चालू असताना दिले. त्याआधी एमआयटीतल्या सीटीएसएस या प्रणालीसाठी त्यांनी ‘रनकॉम’ नावाची सोय लिहिली होती. फाइलीत लिहून ठेवलेल्या आज्ञा ती एकामागून एक पार पाडत असे. आजही निरनिराळ्या शेलांच्या सज्जतेच्या फाइलींच्या नावांअखेर ‘आरसी’ ही दोन अक्षरे दिसतात, ती त्या रनकॉमची आहेत.

युनिक्सने या कल्पनेत एक निर्णायक गोष्ट केली. शेल हा प्रणालीचा अविभाज्य भाग न राहता इतर कोणत्याही प्रोग्रामसारखा एक साधा प्रोग्राम राहिला. तो पसंत नसेल तर दुसरा लिहावा आणि त्याच्या जागी बसवावा. १९७१च्या पहिल्या आवृत्तीत केन थॉम्पसन यांनी लिहिलेला शेल तर अगदीच मितभाषी होता. ‘जर असे असेल तर’ हे सांगणारी ‘इफ’ ही आज्ञा आणि फाइलीत अमुक जागी उडी घे असे सांगणारी ‘गोटू’ ही आज्ञा शेलमध्ये नव्हत्याच. ते वेगळे प्रोग्राम होते. एका * चिन्हाने अनेक फाइलींची नावे सुचवायची, तर तो विस्तारही ‘ग्लॉब’ नावाचा वेगळा प्रोग्राम करून देई. वाचणारा बदलता येतो, ही मुभा तेव्हापासूनची आहे; आणि ज्या चुकांविषयी आपण बोलत आहोत त्या या मुभेच्याच पोटी जन्मल्या.

खरी फाटाफूट १९७९च्या सुमारास झाली. बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन बोर्न यांनी लिहिलेला शेल युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर त्या वर्षी बाहेर आला. बोर्न यांनी त्याआधी केंब्रिजमध्ये अल्गोल ६८ या भाषेवर काम केले होते, आणि त्या भाषेचे संस्कार त्यांच्या शेलच्या व्याकरणात उघड दिसतात. ‘इफ’ने सुरू झालेला खंड त्याच अक्षरांच्या उलट क्रमाने, ‘फाय’ने, बंद होतो, ‘केस’ हा ‘एसॅक’ने बंद होतो. या नियमाने ‘डू’ हा ‘ओडी’ने मिटायला हवा होता. पण त्या नावाचा एक प्रोग्राम युनिक्समध्ये आधीपासून नांदत होता, म्हणून तेथे ‘डन’ आला. व्याकरणाचा नियम एका जुन्या रहिवाशासाठी वाकला, तो आजवर तसाच वाकलेला आहे.

त्याच सुमारास बर्कली येथील विद्यापीठात बिल जॉय यांनी सी शेल लिहिला. त्याची धाटणी सी या प्रोग्रामिंग भाषेच्या वळणाची होती आणि समोर बसून टंकणाऱ्याच्या सोयींकडे त्याचे अधिक लक्ष होते. आधी दिलेल्या आज्ञा उद्गारचिन्हाने परत बोलावणे, लांबलचक आज्ञेला टोपणनाव देणे, ~ या चिन्हाने आपल्या घरच्या डिरेक्टरीचा निर्देश करणे, या सवयी तेथून पसरल्या. जॉय वापरत असलेल्या एडीएम-३ए या टर्मिनलवर ‘होम’ हा शब्द आणि ~ हे चिन्ह एकाच कळीवर छापलेले होते. चिन्हाचा अर्थ असा कळफलकाच्या योगायोगातून ठरला.

आता या दोन घराण्यांतील दोनच फरक लक्षात घेऊ. एखादे मूल्य पुढच्या सर्व प्रोग्रामांना कळावे म्हणून बोर्नच्या परंपरेत ‘एक्सपोर्ट’ म्हणायचे, तर सी शेलमध्ये ‘सेटएन्व्ह’ म्हणून पुढे नाव आणि मूल्य बरोबरीच्या चिन्हाशिवाय लिहायचे. एका घरचा शब्द दुसऱ्या घरी उच्चारला, की ‘सापडला नाही’ हेच उत्तर. दुसरा फरक अधिक सूक्ष्म आहे. * असलेल्या शब्दाशी जुळणारी एकही फाइल नसेल तर काय करावे? बोर्न शेल तो शब्द जसाच्या तसा पुढे पाठवतो, वापरणाऱ्याला अक्षरशः तेच म्हणायचे असेल असे मानून. सी शेल ‘नो मॅच’ असे बजावून आज्ञाच रोखतो. पहिला वाचक समजुतीने घेणारा, दुसरा काटेकोर. यांतील कोण बरोबर, हे तर्काने ठरवता येत नाही. ती वाचनाची दोन धोरणे आहेत.

पुढच्या पिढीने या दोन घराण्यांत सोयरीक जुळवली. डेव्हिड कॉर्न यांनी १९८३मध्ये जाहीर केलेल्या कॉर्न शेलने बोर्नचे व्याकरण ठेवून सी शेलच्या कित्येक सोयी घेतल्या. मात्र तो एटी अँड टी कंपनीच्या मालकीचा होता. ग्नू प्रकल्पाला मुक्त शेल हवा होता. त्यासाठी ब्रायन फॉक्स यांनी १९८९मध्ये बॅश लिहिला. ‘बोर्न’ या आडनावावर आणि पुनर्जन्म या अर्थाच्या इंग्रजी शब्दप्रयोगावर त्याच्या नावात श्लेष आहे. त्याच वर्षी केनेथ आल्मक्विस्ट यांचा आटोपशीर ॲश आला, आणि १९९०मध्ये प्रिन्स्टन येथे पॉल फॉल्स्टॅड यांनी झेड शेल लिहिला. बोलींची ही वाढ पाहता प्रमाणभाषेची गरज भासणे क्रमप्राप्त होते. १९९२मध्ये पोझिक्स या मानकात शेलची भाषा अंतर्भूत झाली. ‘एसएच’ या नावाने हाक मारल्यावर जो कोणी ओ देईल त्याला किमान काय समजले पाहिजे, हे तीत लिहिलेले आहे.

परंतु प्रमाणभाषा ग्रंथात असते आणि माणसे शेजाऱ्याशी बोलतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१मध्ये आपल्या नव्या प्रणालीची वार्ता दिली, तेव्हा तिच्यावर आपण बॅश आणि जीसीसी हे दोन प्रोग्राम चालवले असल्याचे सांगितले होते. लिनक्सच्या जगात बॅश असा प्रारंभापासूनच शेजारी होता. पुढे बहुतेक लिनक्स संचांत ‘एसएच’ या नावामागेही बॅशच उभा असे. त्या नावाने हाक मारली तर बॅश काही बाबतींत मानकाप्रमाणे वागतो, पण आपल्या खास लकबी ऐकल्यावर तो हरकत घेत नाही. परिणाम असा झाला, की हजारो फाइलींच्या पहिल्या ओळीत ‘मी एसएचसाठी लिहिलेली आहे’ असे विधान होते आणि आतला मजकूर बॅशच्या बोलीत होता. ऐकणारा एकच असल्यामुळे ही विसंगती कोणाला जाणवण्याचे कारण नव्हते.

पहिल्या ओळीविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. #! या चिन्हांनी सुरू होणारी आणि पुढे वाचक प्रोग्रामचे नाव देणारी ही ओळ डेनिस रिची यांनी जानेवारी १९८०मध्ये मांडली. साहित्यात लेखक वाचकाची कल्पना करतो, पण पुस्तक आपला वाचक निवडू शकत नाही. येथे मजकूर आपला वाचक नाव घेऊन निवडतो. म्हणूनच ती ओळ केवळ औपचारिकता नसून एक करार आहे.

या कराराची परीक्षा ऑक्टोबर २००६मध्ये झाली. उबुंटूच्या ६.१० या आवृत्तीत ‘एसएच’ या नावामागचा बॅश हटवून तेथे डॅश बसवण्यात आला. डॅश हा ॲशचा डेबियन प्रकल्पातला वंशज. आकाराने लहान, सुरू व्हायला चपळ, आणि मानकाबाहेरचे फारसे काही न जाणणारा. संगणक सुरू होताना शेलच्या पुष्कळ फाइली एकामागून एक वाचल्या जातात; तेथे वेळ वाचावा हा हेतू होता. हेतू सफल झाला, पण कित्येकांच्या जुन्या फाइली एकाएकी अडल्या. बॅशमध्ये अटी तपासण्यासाठी वापरले जाणारे [[ हे चिन्ह डॅशच्या लेखी चिन्हच नव्हते, त्या नावाचा एखादा प्रोग्राम असेल म्हणून त्याने शोध घेतला आणि ‘नॉट फाउंड’ असे कळवले. समानता तपासताना लिहिलेले == पाहून तो ‘अनएक्स्पेक्टेड ऑपरेटर’ म्हणाला; मानकात तेथे एकच = आहे. कंसात लिहिलेली यादी त्याने ‘सिंटॅक्स एरर’ म्हणून परत केली. दुसरी फाइल वाचून घेण्यासाठीचा ‘सोर्स’ हा शब्दही त्याला परका होता. मानकात त्यासाठी केवळ एक टिंब आहे.

या प्रसंगी रोष अर्थातच नव्या शेलवर आला. काल चालत होते ते आज मोडले, म्हणजे मोडणारा दोषी, हा युक्तिवाद स्वाभाविक आहे आणि तो अगदीच पोकळ नाही; ज्याचे काम थांबते त्याला मानकाचा हवाला देऊन भागत नाही. तरीही दोष कोठे होता हे शांतपणे पाहिले पाहिजे. फाइलीने एक भाषा जाहीर केली होती आणि ती दुसरीच बोलत होती. डॅशने ती विसंगती निर्माण केली नाही, ऐकू आणली. अशा प्रयोगांना ‘बॅशिझम’ हे नाव रूढ होते. ते हुडकून काढण्यासाठी डेबियनमध्ये ‘चेकबॅशिझम्स’ नावाचे साधन वापरले गेले, आणि फेब्रुवारी २०११च्या स्क्वीझ या आवृत्तीत डेबियननेही ‘एसएच’साठी डॅश स्वीकारला. दुरुस्तीचे मार्ग दोन होते: मजकूर प्रमाणभाषेत पुन्हा लिहा, अथवा पहिली ओळ बदलून तेथे प्रामाणिकपणे बॅशचे नाव घाला. दुसऱ्या मार्गाला कमीपणा मानण्याचे कारण नाही. बोलीत लिहिणे हा अपराध नव्हे. प्रमाणभाषेच्या नावावर बोली खपवणे ही अडचण होती.

सप्टेंबर २०१४मध्ये बॅशमधील ‘शेलशॉक’ ही गंभीर उणीव उजेडात आली, तेव्हा या बदलाचा एक अनपेक्षित लाभ दिसला. जेथे ‘एसएच’मागे डॅश होता तेथे हल्ल्याच्या कित्येक वाटा आपोआप बंद होत्या.

दुसरा प्रसंग ॲपलच्या संगणकांचा. मॅक ओएस एक्सच्या आरंभीच्या आवृत्त्यांत सी शेलचा वंशज असलेला टीसी शेल असे. २००३मध्ये त्याच्या जागी बॅश आला. आणि ऑक्टोबर २०१९मध्ये कॅटालिना या आवृत्तीपासून नव्या खात्यांसाठी झेड शेल ठरला. यामागे व्याकरणाहून परवान्याचा इतिहास अधिक असावा, असे तारखा शेजारी ठेवल्यावर वाटते. ग्नूच्या सार्वजनिक परवान्याची तिसरी आवृत्ती २००७मध्ये आली. २००९चा बॅश ४.० तिच्याखाली प्रसिद्ध झाला. आणि ॲपलच्या संगणकांवर २०१९पर्यंत त्याआधीचा ३.२ हाच बॅश राहिला. झेड शेलच्या परवान्यात तशा अटी नाहीत. बोली बदलण्याची कारणे भाषेबाहेरची असतात, हे भाषेच्या इतिहासकाराला नवे नाही.

या स्थलांतरानंतर आलेल्या चुकांची मुळे मात्र १९७९पर्यंत पोहोचतात. प्रश्नचिन्ह असलेला संकेतस्थळाचा पत्ता अवतरणचिन्हांशिवाय दिला, तर बॅश तो मुकाट्याने पुढे पाठवी. झेड शेल ‘नो मॅचेस फाउंड’ म्हणून थांबला. व्याकरणाने बोर्नकुळातला असूनही या बाबतीत त्याने जॉय यांचा काटेकोरपणा उचललेला आहे. कोणाच्या टिपणातून # ने सुरू होणारी टीप उचलून टंकली, तर झेड शेलने त्या टिपेलाच आज्ञा मानले आणि # सापडत नाही असे कळवले. समोरासमोरच्या संभाषणात तो मुळात टिपा ओळखत नाही. आणि सर्वांत नेहमीची चूक तर भाषेचीही नव्हती. प्रोग्राम कोठे शोधावेत त्या ठिकाणांची यादी ‘पाथ’ या नावाखाली असते. ती बॅशच्या सज्जतेच्या फाइलीत लिहिलेली होती आणि झेड शेल ती फाइल उघडतच नाही. प्रोग्राम जागच्या जागी होता. नव्या वाचकाला त्याचा पत्ता कोणी दिला नव्हता.

या सर्वांहून घातक चुका आवाज करीत नाहीत. एका चलात दोन फाइलींची नावे मध्ये मोकळी जागा सोडून ठेवली आणि ते चल अवतरणाविना वापरले, तर बोर्नकुळातले शेल त्याचे दोन शब्द करतात. झेड शेल एकच शब्द मानतो. बॅशमध्ये यादीची मोजणी शून्यापासून होते, झेड शेलमध्ये, सी शेलप्रमाणे, एकपासून. म्हणून ‘पहिला’ समजून मागितलेला घटक बॅशमध्ये एक निघतो आणि झेड शेलमध्ये दुसराच. ‘इको’ या साध्या आज्ञेतही, तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या खुणांचा अर्थ डॅश लावतो आणि बॅश सहसा लावत नाही. म्हणून जाणते लोक तेथे ‘प्रिंटएफ’ वापरतात. येथे कोणतीही तक्रार उमटेलच असे नाही. वाक्य दोन्हींकडे शुद्ध आहे, अर्थ मात्र वेगळा आहे. आणि ते वाक्य फाइली पुसण्याचे असेल तर भलतीच फाइल जाते. नाव न सापडणे, व्याकरण न जुळणे आणि अर्थ बदलणे, या तीन पायऱ्यांवर धोका चढत जातो आणि आवाज उतरत जातो. म्हणूनच ‘सापडले नाही’ म्हणणाऱ्या वाचकाचे आपण ऋणी असले पाहिजे.

निदानाची रीतही यातूनच निघते. प्रथम विचारावे, आत्ता वाचतो आहे कोण? ‘इको’पुढे $० लिहिले, मात्र शून्य इंग्रजी कळीचे, तर सामान्यतः समोरचा शेल आपले नाव सांगतो, ‘शेल’ याच नावाचे जे चल असते ते खात्याला नेमलेला शेल सांगते, समोरचा नव्हे, आणि येथे पुष्कळांची दिशाभूल होते. दुसरा प्रश्न, हा शब्द कोणाचा? ‘टाइप’ ही आज्ञा तो शेलचा स्वतःचा आहे, आपण दिलेले टोपणनाव आहे की डिस्कवरचा स्वतंत्र प्रोग्राम आहे, ते दाखवते. तिसरा प्रश्न, या फाइलीने कोणत्या वाचकाचे नाव घेतले आहे? खात्याचा शेल बदलल्याने फाइलींचा वाचक बदलत नाही. पण आज्ञा देताना आपणच ‘एसएच’ म्हणून पुढे फाइलीचे नाव टंकले, तर तिची पहिली ओळ निव्वळ टीप ठरते आणि बॅशचे नाव घेतलेली फाइलही डॅशच्या हाती पडू शकते. एवढ्याने उलगडले नाही तर ‘-एक्स’ हा पर्याय, इंग्रजी अक्षरात, द्यावा. शेल प्रत्येक आज्ञा पार पाडण्याआधी आपण ती कशी वाचली हे दाखवतो. पाठचिकित्सेत आपण ज्याची केवळ कल्पना करू शकतो, तो वाचकाच्या मनातला पाठ येथे डोळ्यांपुढे येतो.

प्रमाणभाषा नाकारणारेही निघाले. २००५मध्ये ॲक्सल लिल्येनक्रान्त्स यांनी लिहिलेल्या फिशने जुन्या व्याकरणाशी जाणीवपूर्वक फारकत घेतली. पहिली आज्ञा यशस्वी झाली तरच दुसरी करावी यासाठी सर्वत्र && लिहिले जाई; फिशमध्ये मात्र त्यासाठी ‘अँड’ हा शब्द होता. डिसेंबर २०१८च्या ३.० या आवृत्तीत फिशने && स्वीकारले. व्याकरणदृष्ट्या ‘अँड’मध्ये काही उणे नव्हते; लोकांची बोटे तिकडे वळत नव्हती, इतकेच.

या इतिहासातून शुद्ध शेल कोणता हे ठरत नाही, आणि ते ठरवण्याची गरजही नाही. ज्याला बॅशमध्ये लिहायचे आहे त्याने बॅशमध्ये लिहावे, ज्याला झेड शेल आवडतो त्याने तो ठेवावा. मात्र जी फाइल आपल्या खात्याबाहेर जाणार आहे, आपण नसताना दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर वाचली जाणार आहे, तिच्या पहिल्या ओळीत आपण खरोखर ज्या भाषेत लिहिले तिचेच नाव असावे. २००६मध्ये अडलेल्या कित्येक फाइली चालू व्हायला याहून अधिक काही लागले नव्हते.